किंडरगार्टन : संज्ञेचा उगम व मराठी रूपे

तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलांच्या शाळापूर्व शिक्षणसंस्थेस, तसेच खेळ, गीत व हस्तकृती यांवर आधारलेल्या बालशिक्षणपद्धतीस रूढ झालेली जर्मन संज्ञा. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रोबेल (२१ एप्रिल १७८२–२१ जून १८५२) याने ती १८४० मध्ये प्रचारात आणली. ‘किंडर’ म्हणजे मुले व ‘गार्टेन’ म्हणजे बाग या दोन नामांचा हा समास असून ‘मुलांची बाग’ असा त्याचा अर्थ होतो. जगातील काही भाषांनी हा शब्द जसाच्या तसा स्वीकारला, तर काहींनी त्याचे भाषांतर केले. मराठीने दोन्ही केले. ‘किंडरगार्टन’ व त्याचे संक्षिप्त रूप ‘केजी’ मराठीत रुळले. ‘बालोद्यान’ हा त्याचा शब्दशः अनुवाद झाला. आणि पुढे तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी व कोसबाड येथील बालशिक्षणकार्यातून ‘बालवाडी’ व ‘अंगणवाडी’ या संज्ञा पुढे आल्या. या नावांचा इतिहास हा केवळ भाषांतराचा इतिहास नाही. मुलाने शाळेपर्यंत जावयाचे, की शाळेने मुलापर्यंत यावयाचे, या प्रश्नाला वेळोवेळी दिलेली उत्तरे या नावांत साठविलेली आहेत.

शब्दरचना : दोन किंवा अधिक नामे एकत्र जोडून नवे नाम सिद्ध करणे हे जर्मन भाषेचे ठळक वैशिष्ट्य आहे. अशा समासात शेवटचे पद प्रधान असते व संपूर्ण शब्दाचे लिंग त्यावरून ठरते. ‘गार्टेन’ हे नाम पुल्लिंगी असल्यामुळे ‘किंडरगार्टन’ही जर्मनमध्ये पुल्लिंगी आहे. संस्कृत व मराठीतील तत्पुरुष समासाशी ही रचना मिळतीजुळती आहे. ‘बालवाडी’ या शब्दात ‘वाडी’ हे पद प्रधान असून त्यामुळेच तो स्त्रीलिंगी झाला आहे. ‘मुलांची बाग’ असा विग्रह केल्यास षष्ठी तत्पुरुष व ‘मुलांसाठी बाग’ असा केल्यास चतुर्थी तत्पुरुष होतो. फ्रोबेलच्या विचारात हे दोन्ही अर्थ होते. बाग मुलांसाठी होती आणि ती मुलांची स्वतःचीही होती. याखेरीज तिसराही अर्थ त्याला अभिप्रेत होता. या बागेत वाढावयाची रोपे म्हणजे स्वतः मुलेच आणि शिक्षिका ही त्यांची माळीण होय.

‘गार्टेन’ या पदाचा मूळ अर्थ कुंपण घातलेली जागा असा आहे. इंग्रजीतील ‘गार्डन’ व ‘यार्ड’ आणि लॅटिनमधील ‘होर्टुस’ हे शब्द त्याच कुळातील असून संस्कृत ‘गृह’ या शब्दाचाही संबंध भाषाभ्यासक त्याच धातूशी जोडतात. मराठी ‘वाडी’ या शब्दाची घडणही अशीच आहे. संस्कृत ‘वाट’ म्हणजे कुंपणाने वेढलेली जागा. त्यापासून ‘वाटिका’ व तीवरून मराठी ‘वाडी’. दोन्ही शब्दांचे धातू वेगळे, परंतु मुळातील कल्पना एकच, ती म्हणजे बाहेरच्या वाऱ्यापावसापासून, गुराढोरांपासून राखलेली जागा. या दृष्टीने ‘बालवाडी’ हे ‘किंडरगार्टन’चे केवळ सोयीचे नव्हे, तर अंतरंगाशी जुळणारे भाषांतर ठरते.

उगम : फ्रोबेलचा जन्म जर्मनीतील थुरिंजिया प्रदेशात ओबरवाइसबाख येथे एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. तो वर्षाचाही झाला नव्हता तोच त्याची आई वारली. तरुणपणी काही काळ त्याने वनरक्षकाच्या हाताखाली उमेदवारी केली. झाडांची वाढ व निसर्गातील सुसंगती यांविषयीची त्याची ओढ या काळातील होय. पुढे स्वित्झर्लंडमधील इव्हरडाँ येथे पेस्टालोत्सीच्या सहवासात त्याने १८०८ ते १८१० ही वर्षे काढली. कायल्हाऊ येथे १८१७ पासून त्याने शाळा चालविली व १८२६ मध्ये मानवी शिक्षणावरील आपला प्रमुख ग्रंथ प्रसिद्ध केला. शाळेत येणाऱ्या मुलांच्या घडणीचा मोठा भाग त्यापूर्वीच होऊन गेलेला असतो, या जाणिवेतून त्याचे लक्ष शाळापूर्व वयाकडे वळले.

बाड ब्लांकेनबुर्ख या गावी १८३७ मध्ये त्याने लहान मुलांच्या खेळासाठी व उद्योगासाठी एक संस्था काढली. तत्कालीन जर्मनीत लहान मुलांच्या संस्था नव्हत्या असे नाही. कामावर जाणाऱ्या आईबापांची मुले दिवसभर सांभाळणाऱ्या संस्था अनेक शहरांत होत्या. त्यांच्या नावात ‘बेवारआन्श्टाल्ट’ हे पद येई. त्याचा अर्थ ‘राखण करणारी संस्था’. वस्तू जपून ठेवावी तसे मूल जपून ठेवणे, एवढीच कल्पना त्या नावात होती. काही संस्था ‘शाळा’ म्हणवीत, परंतु त्यांत लहानग्यांना बाकांवर बसवून पाठांतर करवीत. फ्रोबेलला राखणही नको होती आणि शाळाही नको होती. त्यामुळे या दोहोंहून वेगळे नाव त्यास हवे होते. त्याच्या सहकाऱ्यांनी सांगितलेल्या हकिकतीनुसार, १८४० च्या वसंत ऋतूत तो मिडेनडोर्फ व बारोप या सोबत्यांसह कायल्हाऊहून डोंगरवाटेने ब्लांकेनबुर्खकडे चालला असता खालची दरी त्याच्या दृष्टीस पडली आणि ‘किंडरगार्टन’ हे नाव त्याला एकाएकी सुचले. २८ जून १८४० रोजी, गूटेनबेर्खच्या मुद्रणकलेच्या चारशेव्या वर्षाच्या उत्सवाचे औचित्य साधून, सार्वत्रिक जर्मन किंडरगार्टनची स्थापना जाहीर करण्यात आली. तिच्या भांडवलासाठी समभाग काढून जर्मनीतील स्त्रियांना आवाहन करण्यात आले.

बाग ही फ्रोबेलची केवळ अलंकारिक भाषा नव्हती. किंडरगार्टनमध्ये प्रत्यक्ष जमीन असावी, प्रत्येक मुलाचा स्वतःचा लहानसा वाफा असावा आणि शिवाय सर्वांचा मिळून एक सामाईक वाफा असावा, अशी त्याची योजना होती. आपल्या वाफ्याची जबाबदारी आपली व सामाईक वाफ्याची सर्वांची, हे नागरिकत्वाचे पहिले पाठ त्याने मातीत घातले. बागेच्या जोडीला चेंडू, गोल, घन, दंडगोल इ. साधनांची क्रमवार मालिका त्याने सिद्ध केली. तिला ‘देणग्या’ म्हणतात. कागदकाम, विणकाम, मातीकाम इ. कामांस ‘व्यवसाय’ ही संज्ञा आहे. माता व बालके यांसाठी रचलेल्या गीतांचे त्याचे पुस्तक १८४४ मध्ये प्रसिद्ध झाले.

बंदी व प्रसार : जर्मनीतील १८४८ ची क्रांती फसल्यानंतर शासनसंस्था सर्वच नव्या कल्पनांकडे संशयाने पाहू लागल्या. ७ ऑगस्ट १८५१ रोजी प्रशियाच्या शासनाने किंडरगार्टन निरीश्वरवादाचा व समाजवादाचा प्रसार करतात असा ठपका ठेवून त्यांवर बंदी घातली. फ्रोबेलचा पुतण्या कार्ल फ्रोबेल याच्या राजकीय विचारांचे खापर काकाच्या माथी फोडण्यात आले. खुलासा करूनही बंदी उठली नाही आणि पुढल्या वर्षी फ्रोबेल निधन पावला. बंदी उठण्यास १८६० उजाडले. तथापि, तिचा परिणाम शासनाच्या अपेक्षेविरुद्ध झाला. देश सोडून गेलेल्या जर्मनांनी, विशेषतः स्त्रियांनी, ही कल्पना आपल्याबरोबर नेली. लंडनमध्ये १८५१ मध्ये रोंगे दांपत्याने किंडरगार्टन सुरू केले. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात वॉटरटाउन येथे मार्गारेटे शुर्ट्‌स हिने १८५६ मध्ये जर्मन भाषेतून, तर बॉस्टनमध्ये एलिझाबेथ पीबडी हिने १८६० मध्ये इंग्रजीतून किंडरगार्टन चालविले. सेंट लुइस येथे १८७३ मध्ये सूझन ब्लो हिने सार्वजनिक शाळांच्या व्यवस्थेत त्याचा समावेश केला.

या प्रसारात शब्दाचे दैव भाषेगणिक वेगळे ठरले. इंग्लंडमध्ये ‘इन्फन्ट गार्डन्स’ असे भाषांतर करून पाहण्यात आले. १८५५ मध्ये चार्ल्स डिकिन्झच्या नियतकालिकातील एका लेखाचे ते शीर्षकही होते. परंतु ते टिकले नाही व इंग्रजीने जर्मन शब्दच कायम केला. फ्रेंच, इटालियन व स्पॅनिश भाषांनी भाषांतर पसंत केले. हिब्रूमध्ये ‘गन येलादिम’ असा शब्दशः अनुवाद झाला. १८७६ मध्ये टोकिओ येथे निघालेल्या संस्थेला दिलेल्या ‘योचिएन’ या जपानी नावातील अंत्य पदाचा अर्थही बाग असाच आहे.

महाराष्ट्रातील प्रवेश : महाराष्ट्रात ही पद्धती आणणाऱ्या अग्रणींत पंडिता रमाबाईंची (१८५८–१९२२) गणना होते. कल्याणच्या जोशी घराण्यात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फिया येथे वैद्यकशास्त्राची पदवी संपादन केली. ११ मार्च १८८६ रोजी झालेल्या त्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या आणि तेथेच सुमारे तीन वर्षे राहिल्या. १८७६ च्या प्रदर्शनात किंडरगार्टनचे प्रात्यक्षिक याच शहरात मांडण्यात आले होते. रमाबाईंनी तेथे किंडरगार्टन पद्धतीचे शिक्षण घेतले व तिच्या आधारे मराठी पाठ्यपुस्तके तयार करण्याचे काम हाती घेतले. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले व त्यातील अध्यापनात या पद्धतीचा अवलंब केला. विधवांना स्वावलंबी करण्याच्या कार्यात बालशिक्षिकेचा व्यवसाय उपयुक्त ठरेल, ही त्यामागील दृष्टी होती. जर्मनीप्रमाणे येथेही किंडरगार्टनचा इतिहास स्त्रियांच्या अर्थार्जनाच्या इतिहासाशी आरंभापासूनच गुंतलेला दिसतो.

मराठीत या पद्धतीला ‘बालोद्यान’ हे नाव देण्यात आले. हा अनुवाद व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. तथापि, ‘उद्यान’ या शब्दाभोवती विहाराचे व नागर जीवनाचे वलय आहे. उद्यानात माणूस फेरफटका मारण्यास जातो, तेथे राबत नाही. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत हा शब्द राहिला, परंतु सामान्य बोलण्यात ‘बालोद्यान’ म्हणजे झोपाळे व घसरगुंड्या असलेली नगरपालिकेची बाग असा अर्थ रूढ झाला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माँटेसरी पद्धतीचा प्रभाव वाढल्यावर नवी नावे आली. रोममध्ये १९०७ साली निघालेल्या माँटेसरीच्या पहिल्या संस्थेच्या नावाचा अर्थ ‘मुलांचे घर’ असा होता. भावनगर येथे गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी १९२० मध्ये आपल्या संस्थेला ‘बालमंदिर’ म्हटले. मुंबईत दादर येथील संस्थेचे नाव ‘शिशुविहार’ असे ठेवण्यात आले. बाग, घर, मंदिर, विहार या प्रतिमा वेगवेगळ्या असल्या, तरी या सर्वांत एक गृहीत समान होते. मुलाला तेथे आणून सोडणारे कोणीतरी घरी आहे आणि त्यासाठी त्याला सवड आहे, हे ते गृहीत होय.

बालवाडी : हे गृहीत ग्रामीण भागात लागू पडत नाही, हे ओळखून ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी नवी मांडणी केली. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर असलेल्या ताराबाई १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाईंकडे गेल्या. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बाल शिक्षण संघाच्या कार्याचा भार त्यांनी वाहिला व ‘शिक्षणपत्रिका’ या मासिकाच्या द्वारे बालशिक्षणाचा विचार मराठी घरांत पोहोचविला. शहरातील बालमंदिरे मध्यमवर्गापुरतीच राहतात आणि माँटेसरीची महागडी साधने खेड्यास परवडत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले. १९४५ मध्ये त्यांनी ठाणे जिल्ह्यातील डहाणू तालुक्यात समुद्रकाठच्या बोर्डी या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ (१९१०–९२) या आरंभापासूनच त्यांच्या सहकारी होत्या. अल्प खर्चात, परंतु शास्त्रीय रीतीने, परिसरात मिळणाऱ्या वस्तूंपासून साधने बनवून चालविलेली ग्रामीण पूर्वप्राथमिक शाळा, असे येथील संस्थेचे स्वरूप होते. तिला त्यांनी ‘बालवाडी’ हे नाव दिले.

या नावाची योग्यता तेथील परिसराच्या संदर्भात स्पष्ट होते. कोकणपट्टीत ‘वाडी’ या शब्दाचे दोन अर्थ एकाच वेळी जिवंत आहेत. नारळ-सुपारीची, केळीची बागायत म्हणजे वाडी आणि गावाची लहान वस्ती म्हणजेही वाडी. बोर्डी-घोलवड हा परिसर चिकूच्या वाड्यांसाठी प्रसिद्ध आहे. मुंबईसारख्या शहरातही, गिरगावात, मूळच्या बागायतींची स्मृती वाड्यांच्या नावांत राहिली आहे. ठाणे जिल्ह्यातील स्थलनामे अशा वस्तिवाचक शब्दांनी भरलेली आहेत. ठाणे शहरातील नौपाडा या नावात ‘पाडा’ आहे, तर ‘खोपट’ या वस्तीचे नाव आणि झोपडी या अर्थाचा मराठी शब्द एकच आहेत. अशा भाषिक परिसरात ‘बालवाडी’ हा शब्द कानाला उपरा वाटला नाही. ‘उद्यान’ या शब्दात नसलेली दोन गोष्टींची सूचना त्यात होती : ही बाग कष्टाने पिकविलेली आहे आणि ती वस्तीचाच भाग आहे. फ्रोबेलच्या शब्दातील बाग अशा रीतीने मराठीत येताना गावात आली.

अंगणवाडी व कुरणशाळा : बालवाडी गावाच्या मध्यभागी भरे. दलित वस्तीतील व आदिवासी पाड्यांवरील मुले तिथपर्यंत येत नसत. अंतर, जातिभेद, आईबापांची मजुरी व धाकट्या भावंडांची जबाबदारी अशी अनेक कारणे त्यामागे होती. यावर उपाय म्हणून ताराबाई व अनुताई यांनी मध्यवर्ती बालवाडीच्या जोडीला मुलांच्या वस्तीतच, त्यांच्या घरांपुढील अंगणात वर्ग भरविण्यास आरंभ केला. याच प्रकाराला ‘अंगणवाडी’ हे नाव मिळाले. कुडाच्या झोपडीपुढील सारवलेले अंगण हीच शाळा झाली. बिया, पाने, शिंपले, माती ही साधने झाली. मुलांची स्वच्छता हा पहिला पाठ झाला. येथे बाग मुलाच्या दाराशी आली आणि तिचे कुंपणही गळून पडले.

केंद्राचे कार्य १९५७ च्या सुमारास बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर हलविण्यात आले. वारली व इतर आदिवासी समाजाची मुले गुरे राखण्यास जात. त्यांच्यासाठी अनुताईंनी शिक्षण थेट चराईच्या माळावर नेले. ही ‘कुरणशाळा’ होय. किंडरगार्टन, बालवाडी, अंगणवाडी व कुरणशाळा हे चार समास क्रमाने मांडले असता, संस्थेचे स्थान दर टप्प्यास मुलाच्या प्रत्यक्ष जीवनाकडे सरकत गेल्याचे दिसून येते. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण व अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री हे किताब देण्यात आले. बोर्डी व कोसबाड ही गावे १ ऑगस्ट २०१४ पासून नव्याने निर्माण झालेल्या पालघर जिल्ह्यात समाविष्ट आहेत.

संज्ञांचा विस्तार व विभागणी : २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तिच्या ग्रामपातळीवरील केंद्रास ‘अंगणवाडी’ हेच नाव देण्यात आले. त्यामुळे डहाणू तालुक्यात घडलेली ही कल्पना व तिचे नाव भारतभर पोहोचले. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात देशात १४ लाख अंगणवाड्या असाव्यात असे निर्देश दिले व प्रत्यक्षातील संख्याही आता त्याच्या जवळपास आहे. योजनेत पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार व आरोग्य शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण अशा सहा सेवा अंतर्भूत आहेत. कुपोषणाच्या निवारणास स्वाभाविकपणेच अग्रक्रम मिळाला. परिणामी ‘अंगणवाडी’ हा शब्द उच्चारताच सर्वसामान्यांच्या मनात आहाराचे केंद्र उभे राहते, शिक्षणाचे नव्हे. तिला स्वतंत्र इमारत असणे हे प्रगतीचे लक्षण मानले जात असल्याने नावातील अंगण आता बहुधा नावापुरतेच उरले आहे.

दुसरीकडे, मूळ जर्मन शब्द इंग्रजी माध्यमाच्या शाळांतून ‘ज्युनिअर केजी’ व ‘सिनिअर केजी’ या रूपांनी शहरी मराठीत स्थिरावला. या संक्षेपात बागेचे केवळ आद्याक्षर शिल्लक आहे. फ्रोबेलने ज्या बाकांना व पाठांतराला पर्याय म्हणून बाग सुचविली, तेच लेखन-वाचन व परीक्षा केजीच्या अनेक वर्गांत परत आल्या, ही या शब्दाच्या प्रवासातील विसंगती होय. ठाणे-कल्याण-डोंबिवलीसारख्या वाढत्या नगरांत केजी, बालवाडी व अंगणवाडी या तिन्ही संज्ञा शेजारीशेजारी वापरात आहेत. त्या अर्थाने जवळजवळ समानार्थी आहेत, परंतु व्यवहारात त्यांवरून मुलाच्या घरची सांपत्तिक स्थिती ओळखली जाते. सर्व मुलांचा एक सामाईक वाफा असावा, ही मूळ कल्पना शब्दांच्या या विभागणीत मागे पडली आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये इयत्ता पहिलीपूर्वीच्या वर्गासाठी ‘बालवाटिका’ ही संज्ञा योजण्यात आली असून २०२२ पासून काही केंद्रीय विद्यालयांत या नावाचे वर्ग सुरू झाले. ‘वाटिका’ हे ‘वाडी’चेच संस्कृत पूर्वरूप असल्यामुळे ‘बालवाडी’ व ‘बालवाटिका’ हे शब्द व्युत्पत्तिदृष्ट्या एकच ठरतात. पहिला शब्द समुद्रकाठच्या एका गावातून वर आला, तर दुसरा धोरणाच्या मसुद्यातून खाली आला, इतकाच त्यांत फरक आहे. शाळापूर्व शिक्षण हे सर्व मुलांसाठी समान पायाचे असावे, असे उद्दिष्ट या धोरणात मांडलेले आहे. ते साध्य झाले, तर ब्लांकेनबुर्ख येथे योजलेल्या आणि बोर्डीस रुजलेल्या नावाचा मूळ अर्थ पुन्हा प्रस्थापित होईल.